दर्भाचा कावळा : 'क्लोजर'ची संकल्पना आणि शेवट करण्याचा अधिकार

१

मराठी समीक्षेने गेल्या काही दशकांत इंग्रजीतून ज्या संज्ञा स्वीकारल्या, त्यांपैकी बहुतेकींना कमीअधिक स्थिर असे मराठी पर्याय मिळाले. 'टेक्स्ट'ची संहिता झाली, 'डीकन्स्ट्रक्शन'ची विरचना झाली, 'नॅरेटिव्ह'साठी कथन हा शब्द रुळला. 'क्लोजर' ही संज्ञा मात्र अद्याप निराधार आहे. कोणी तिला 'समापन' म्हणतो, कोणी 'संवृती', कोणी 'बंदिस्तपणा', तर कोणी सरळ 'शेवट' म्हणून मोकळा होतो. समीक्षेबाहेर पाहिले तर गोंधळ आणखी वाढतो. गुन्ह्याचा तपास थांबवून पोलीस न्यायालयात 'क्लोजर रिपोर्ट' सादर करतात. कारखाना कायमचा बंद करण्यालाही कायद्यात हाच शब्द आहे. अलीकडे एखादे नाते तुटलेला तरुण किंवा आप्ताच्या मृत्यूने खचलेली स्त्री 'मला क्लोजर मिळाले नाही' असे म्हणते, आणि ऐकणाऱ्याला ते बिनभाषांतर समजते.

एका शब्दाचे इतके उपयोग असणे ही केवळ कोशकाराची अडचण नव्हे. या सर्व उपयोगांच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि शब्दाच्या व्याकरणामुळे तो झाकला जातो, असे प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे. तो प्रश्न असा : एखादी गोष्ट संपली, असे म्हणण्याचा अधिकार कोणाचा? जो कंटाळला त्याचा, जो बलवान आहे त्याचा, जो कथन करतो त्याचा, की ज्याचे काही देणे राहिले आहे त्याचा? हा प्रश्न सातारा-सांगली परिसरातील काही साहित्यकृती आणि काही इतिहासघटना यांच्या आधारे तपासण्याचा येथे प्रयत्न आहे. या परिसराची निवड सोयीची आहे हे खरे. परंतु 'संपले' या शब्दाचा इतका वादग्रस्त इतिहास एका कृष्णाखोऱ्यात एकत्र सापडावा, हेही विचार करण्याजोगे आहे.

२

इंग्रजी शब्द लॅटिनमधील 'बंद करणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे. त्याच्या पोटात दोन वेगळ्या क्रिया नांदतात : दार लावणे आणि वर्तुळ पुरे करणे. पहिलीत काहीतरी बाहेर राहते. दुसरीत उणीव भरून निघते. या दोन क्रियांचे मिश्रण हेच या शब्दाचे सामर्थ्य आहे आणि हीच त्याची लबाडीही आहे.

संसदीय कामकाजातील उपयोग पहिल्या क्रियेचा निखळ नमुना होय. १८८१ च्या आरंभी ब्रिटिश कॉमन्स सभेत आयरिश सभासदांनी दडपशाहीच्या विधेयकाविरुद्ध चर्चा लांबवत नेली. सलग ४१ तास बैठक चालल्यावर सभापतींनी स्वतःच्या अधिकारात चर्चा थांबवली. पुढच्याच वर्षी चर्चाबंदीचा नियम सभागृहाच्या कार्यपद्धतीत दाखल झाला. येथे काहीही पूर्ण झालेले नव्हते. बोलणारे अजून बोलतच होते. बहुमताला पुढे जायचे होते, एवढेच. भारतीय विधिमंडळांच्या नियमांतही चर्चाबंदीचा प्रस्ताव आहे आणि त्याला मर्यादा घालण्याची जबाबदारी पीठासीन अधिकाऱ्यावर आहे, कारण हे हत्यार अल्पमताविरुद्ध चालते याची जाणीव नियम करणाऱ्यांना होती.

दुसऱ्या क्रियेचा नमुना गेस्टाल्ट मानसशास्त्रात आढळतो. थोडे तुटलेले वर्तुळ आपल्याला वर्तुळच दिसते; रेषेतली फट दृष्टी भरून काढते. १९२७ मध्ये ब्ल्यूमा झायगार्निक या संशोधिकेने अपुरी राहिलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात असे मांडले. साहित्यविचाराने हे सूत्र उचलले. फ्रँक कर्मोड यांनी १९६७ मध्ये घड्याळाच्या टिकटिकीचे उदाहरण दिले : दोन्ही आवाज सारखेच असताना आपण दुसऱ्याला शेवट मानतो आणि निराकार काळाला कथानक देतो. बार्बरा हर्नस्टाइन स्मिथ यांनी १९६८ मध्ये कविता कशी संपते याचा स्वतंत्र ग्रंथच लिहिला. त्याआधी, १९६२ मध्ये, उंबेर्तो एको यांनी खुल्या कृतीची बाजू मांडली होती. जाक देरिदांनी तर 'अंत' आणि 'क्लोजर' यांत भेद केला : एखाद्या विचारव्यूहाची सीमारेषा दिसू लागणे म्हणजे तो संपणे नव्हे, सीमा दिसूनही तो चालतच राहू शकतो.

गणितातील अर्थाकडे साहित्याचे अभ्यासक सहसा वळत नाहीत, परंतु तो येथे फार उपयोगी आहे. एखाद्या संचाचे संवृतीकरण करायचे तर त्यातून काही वगळायचे नसते. जे बिंदू त्या संचाच्या अगदी लगत असूनही बाहेर राहिले आहेत, ते त्यात सामील करून घ्यायचे असतात. नैसर्गिक संख्यांची बेरीज नैसर्गिक संख्याच राहते, वजाबाकी मात्र त्यांच्या बाहेर जाते. वजाबाकीसाठीही घर पुरे पडावे असे वाटत असेल तर शून्य आणि ऋण संख्यांना आत घ्यावे लागते. म्हणजे येथे बंद होण्याची अट आहे सामावून घेण्याची. चर्चाबंदीच्या नेमकी उलट अशी ही कल्पना आहे, आणि तरी दोहोंना इंग्रजीत एकच नाव आहे.

लोकप्रिय मानसशास्त्राने या दोन्ही अर्थांची सरमिसळ करून तिसरा अर्थ घडवला. दुःखाला एक शेवटचे पान असते, ते वाचले की ग्रंथ मिटता येतो, अशी ती कल्पना. पॉलीन बॉस यांनी ज्याला संदिग्ध वियोग म्हटले, म्हणजे ज्यात माणूस हरवला पण मेला असे म्हणता येत नाही, त्या अवस्थेच्या अभ्यासातून या कल्पनेवर आक्षेप आले आहेत. तरीही व्यवहारात ती पक्की बसली आहे. तिचे लक्षणीय वैशिष्ट्य असे की तीत क्लोजर ही एका मनाची खाजगी मालमत्ता होते. 'मला मिळाले', 'मला मिळाले नाही'. दुसरा पक्ष नाहीसा झालेला असतो.

३

मराठीत या क्रिया एका शब्दात कोंबलेल्या नाहीत. दुकान बंद होते, भांडण मिटते, दावा निकाली निघतो, अर्ज दप्तरी दाखल होतो, पोथीची समाप्ती होते, व्रताचे उद्यापन होते, मूर्तीचे विसर्जन होते, सप्ताहाची सांगता होते, मैफल भैरवीने संपते. यांतील एकाच्या जागी दुसरा शब्द घातला तर वाक्य हास्यास्पद होते. 'अर्ज दप्तरी दाखल केला' या वाक्याचा अर्थ अर्जदाराला फार चांगला कळतो : कागद सुरक्षित आहे, काम होणार नाही. त्याला कोणी समाप्ती म्हणणार नाही, कारण समाप्तीच्या धातूत पूर्णपणे मिळण्याचा अर्थ आहे.

या शब्दांत सर्वांत अर्थगर्भ शब्द 'सांगता' हा आहे. सभासंमेलनांच्या वार्तांनी तो झिजवून टाकला असला तरी त्याचा मूळ अर्थ 'सर्व अंगांनी युक्त होणे' असा आहे. धार्मिक कर्मात सांगतेसाठी दक्षिणा दिली जाते आणि राहिलेल्या उणिवांची कबुली दिली जाते. कर्म करणाऱ्याने आपल्यापुरते 'झाले' म्हणून चालत नाही. दुसऱ्याला देणे देऊन, आणि काही चुकले असेल हे मान्य करून, मगच कर्म पुरे होते. गणितातील संवृतीशी याचे साम्य उघड आहे. संस्कृत नाट्यशास्त्रातही नाटकाच्या शेवटच्या संधीला 'निर्वहण' म्हटले आहे. विखुरलेले अर्थ तेथे एकत्र आणून तडीस नेले जातात. आणि नंतर भरतवाक्यात नायकाचे हित मागे पडून सर्वांच्या कल्याणाची इच्छा उच्चारली जाते. कथा मिटताना तिचे दार प्रेक्षागृहाकडे उघडते.

परंतु शेवटाच्या मराठी कल्पनेचे खरे मर्म दहाव्या दिवसाच्या विधीत आहे. संगम माहुलीला कृष्णा आणि वेण्णा मिळतात तेथे, किंवा हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर, पिंड ठेवून माणसे कावळ्याची वाट पाहत बसतात. कावळा लगेच शिवला तर सुटकेचा निःश्वास पडतो. शिवला नाही तर जमलेल्यांत कुजबुज सुरू होते : काय राहिले असेल? मग एकेक जण पुढे येऊन मोठ्याने वचन देतो. धाकटीचे लग्न करून देऊ. भावाशी असलेला बांधाचा वाद मिटवू. अमक्याचे पैसे फेडू. विधीची श्रद्धा बाजूला ठेवून केवळ त्याचे व्याकरण पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. येथे शेवट करणारा शेवटचा मालक नाही; संमती दुसऱ्याकडून यायची आहे. ती संमती भावना शांत झाल्याने मिळत नाही, अपुऱ्या कर्तव्याचा उच्चार केल्याने मिळते. आणि हा उच्चार चारचौघांत होतो, म्हणून तो पुढे बंधनकारक ठरतो.

साताऱ्याच्या भूमीवर उभे राहून या विधीचा गौरव करणे कोणालाही सोपे नाही. सत्यशोधक परंपरेने पुरोहिताच्या मध्यस्थीवर प्रहार केले, ते याच जिल्ह्यात खोलवर रुजले. जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण सातारा जिल्ह्यातलेच. नरेंद्र दाभोलकरांची कर्मभूमीही सातारा. कावळ्याच्या अंगी मृताची इच्छा संचारते हे बुद्धीला मान्य होण्यासारखे नाही, आणि विधीचा आर्थिक व जातीय इतिहासही विसरता येत नाही. शिवाय विधी स्वतःच स्वतःला हरवण्याची सोय करून ठेवतो. फार वेळ कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करतात आणि तो पिंडाला लावतात. संमती आली नाही, तर आपणच ती बनवून घेतो. उन्हे चढलेली असतात, मंडळींना घरी जायचे असते. माणसाच्या दुबळेपणाला दिलेली ही सवलत क्षम्य आहे. परंतु जिवंत माणसांच्या व्यवहारात, राज्यकारभारात आणि कथनातही असे दर्भाचे कावळे सतत केले जातात, आणि तेथे ती सवलत राहत नाही.

४

१८४८ साली साताऱ्याच्या बाबतीत जे घडले ते या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना साताऱ्याच्या गादीवर बसवले आणि १८१९ च्या तहाने ते राज्य त्यांना व त्यांच्या वारसांना दिले. १८३९ मध्ये कटाचे आरोप ठेवून प्रतापसिंहांना पदच्युत करण्यात आले, काशीला पाठवण्यात आले, आणि तेथेच १८४७ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या जागी बसवलेले बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब एप्रिल १८४८ मध्ये वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनी तो दत्तक राज्याच्या वारसासाठी अमान्य केला आणि सातारा खालसा झाले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांचे मत याविरुद्ध होते. ते चालले नाही.

डलहौसींच्या युक्तिवादातील फोड फार बोलकी आहे. हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक पुत्र खाजगी मालमत्तेचा धनी होऊ शकतो, पित्याचे श्राद्ध करू शकतो. परंतु सार्वभौम सत्तेचा वारसा त्याला सार्वभौम सरकारच्या मान्यतेवाचून मिळत नाही. म्हणजे पिंड देण्याचा अधिकार मान्य आणि राज्याचा अमान्य. घराण्याच्या धार्मिक कथेला सांगता होऊ द्यायची आणि राजकीय कथेला चर्चाबंदी लावायची, अशी ही विभागणी होती. तहातील 'वारस' या शब्दाचा अर्थ काय हा खरा वाद होता, आणि त्या वादाचा निवाडा वादातील एका पक्षानेच केला. एखाद्या शब्दाच्या अर्थाची चर्चा बंद करण्याचा अधिकार हा सत्तेचा केवढा मोठा भाग असतो, हे अर्थनिर्णयनशास्त्राच्या अभ्यासकाला याहून स्पष्ट उदाहरणाने शिकवता येणार नाही.

या बंद केलेल्या प्रकरणाला बंद न मानणारा एक माणूस होता. रंगो बापूजी गुप्ते प्रतापसिंहांचे वकील म्हणून १८४० च्या सुमारास लंडनला गेले आणि सुमारे १४ वर्षे तेथे राहून कंपनीचे संचालक, पार्लमेंटचे सभासद आणि वृत्तपत्रे यांच्यापुढे साताऱ्याची बाजू मांडत राहिले. दरम्यान त्यांचा अशील मरण पावला, अशिलाचे राज्यही नाहीसे झाले. वकील मात्र बोलत होता. कायद्याच्या दृष्टीने ज्याच्यासाठी बोलायचे ते अस्तित्वातच नव्हते. तरीही ज्याला देणे राहिले आहे त्याच्या वतीने बोलत राहणे म्हणजे काय, याचा हा दाखला आहे. परतल्यावर १८५७ च्या उठावाच्या तयारीत त्यांचा हात असल्याचा संशय सरकारला आला. सप्टेंबर १८५७ मध्ये साताऱ्याच्या गेंडामाळावर १७ जणांना देहान्त शासन देण्यात आले. त्यांत रंगो बापूजींचा मुलगाही होता. स्वतः रंगो बापूजी इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत. ते ठाण्याकडून दिसेनासे झाले आणि पुढे त्यांचे काय झाले हे निश्चितपणे कोणालाच सांगता आले नाही.

चरित्रकाराला हा शेवट अडचणीचा असतो. मृत्यूची तिथी नाही, म्हणून वाक्याला पूर्णविराम नाही. रंगो बापूजींची कथा सांगणारे बहुतेक जण येथे आवाज चढवतात किंवा आख्यायिकेचा आधार घेतात. हा मोह समजण्यासारखा आहे. परंतु ज्या माणसाने दुसऱ्याने केलेला शेवट आयुष्यभर नाकारला, त्याच्या कथेला आपण सोयीचा शेवट पुरवणे हे दर्भाचा कावळा लावण्यासारखे होईल. त्याचे नाहीसे होणे नाहीसे होणे म्हणूनच लिहिले पाहिजे.

५

इतिहासात सत्ता जे करते ते साहित्यात रूप करते काय? सांगली परिसरातल्या दोन कृती येथे शेजारी ठेवून पाहता येतील.

हरिपूरला जन्मलेल्या गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' १८९९ मधले. म्हाताऱ्या भुजंगनाथाशी शारदेचे लग्न लागत असताना वर आणि वधू सगोत्र आहेत हे उघडकीला येते आणि विधी अर्ध्यावर मोडतो. हा प्रसंग आपण सामान्यतः योगायोग म्हणून वाचतो. परंतु नाटकातील खरी कोंडी त्यानंतर सुरू होते. अर्धे लग्न झालेल्या मुलीचे काय? समाजाच्या लेखी ती आता कोणाची तरी झालेली आहे. म्हणून ती जीव द्यायला निघते. कोदंड तिला वाचवतो आणि अखेरीस शंकराचार्यांच्या निर्णयाने, विधी पुरा झालेला नव्हता म्हणून विवाहच झालेला नाही असे ठरून, ती मोकळी होते. येथे तिचे आयुष्य वाचवणारी गोष्ट आहे ती अपुरेपणा. विधीला सर्व अंगे मिळाली नाहीत, म्हणून मुलीला श्वास मिळाला. शास्त्राच्याच भाषेत शास्त्राची फट दाखवणारे देवल येथे फार चतुर आहेत.

मात्र लगेच दुसरा शेवट येतो. कोदंड आणि शारदा यांचा विवाह नाटकाला सुखान्त करतो, आणि प्रेक्षक समाधानाने उठतो. भुजंगनाथ सगोत्र नसता तर? हा प्रश्न पडदा पडताच दडपला जातो, कारण नाटकात लग्न मोडले ते गोत्राच्या नियमाने. वयाच्या अन्यायाने नव्हे. बालविवाहाला आळा घालणारा कायदा यायला त्यानंतर ३० वर्षे, १९२९ पर्यंत, लागली. रूपाने दिलेली तृप्ती आणि समाजाचे न फिटलेले देणे यांतील हे अंतर नाटकाचे न्यून ठरवावे असे मी म्हणत नाही. ते अंतर मोजणे हे समीक्षेचे काम आहे.

'बनगरवाडी' याच्या उलट टोकाला आहे. आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे व्यंकटेश माडगूळकर यांची ही कादंबरी १९५५ ची. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो, शाळा उभी राहते, सर्वांच्या श्रमाने तालीम बांधली जाते, कारभारी मरतो, दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन निघून जातात आणि मास्तरही वाडी सोडतो. कोणतीही गाठ सुटत नाही. दुष्काळात गाव सोडण्याला आपल्याकडे 'जगायला जाणे' म्हणण्याची रीत आहे. वाचकाला जो शेवट वाटतो त्याला तेथली माणसे जगण्याची सुरुवात म्हणतात. खुल्या शेवटाच्या समर्थकांना ही कादंबरी आदर्श वाटावी.

पण येथेही 'कोण' हा प्रश्न विचारला पाहिजे. निवेदक मास्तर आहे, पगारी नोकर आहे. वाडी ओस पडल्यावर त्याला परत जाण्यासाठी जागा आहे. वाडीकर कोठे गेले, त्यांतले कोण परतले, हे त्याला ठाऊक नाही आणि म्हणून आपल्यालाही नाही. कथन जेथे थांबते ती जागा वाडीच्या आयुष्याने ठरवलेली नाही, निवेदकाच्या बदलीने ठरवलेली आहे. माडगूळकरांचे मोठेपण असे की ते ही मर्यादा लपवत नाहीत. मास्तर वाडीच्या वतीने शेवटचा शब्द उच्चारत नाही, शोकगीत गात नाही, तात्पर्य काढत नाही. आपल्याला दिसले तेवढे सांगून तो गप्प होतो. सुखान्त 'शारदा' ज्या समाधानाने मिटते आणि 'बनगरवाडी' ज्या मौनात थांबते, त्यांतला भेद बंद आणि खुल्या शेवटाचा तर आहेच. परंतु दुसऱ्यांच्या आयुष्यावर आपला हक्क किती, याविषयीच्या जाणिवेचाही तो भेद आहे.

६

एवढ्यावरून 'खुले ते नैतिक, बंद ते दमनकारी' असे समीकरण मांडण्याचा मोह होईल. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सिद्धान्तनाने तो मोह बऱ्याच प्रमाणात पोसला. प्रत्यक्षात मात्र प्रश्न अनिर्णित ठेवणे हेही सत्तेचे तितकेच जुने साधन आहे. वर्षानुवर्षे तारखा पडणारा दावा खुलाच असतो. ज्याची जमीन वादात आहे त्याला खुल्या शेवटाचे सौंदर्य समजावून सांगणे ही क्रूर चेष्टा होईल.

कोयना धरणाचे उदाहरण या दृष्टीने दुहेरी आहे. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात धरण उभे राहिले, शिवाजीसागराने सातारा जिल्ह्यातला खोऱ्याचा मोठा पट्टा व्यापला आणि विस्थापितांची जिल्ह्यात व जिल्ह्याबाहेर दूरवर पांगापांग झाली. महाराष्ट्रात प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ मध्ये. धरण आधी आणि कायदा नंतर. आज १९६० मेगावॅट क्षमता असलेला हा प्रकल्प राज्याच्या औद्योगिक यशकथेतला एक पूर्ण झालेला अध्याय म्हणून सांगितला जातो. त्याच वेळी जमिनीच्या व सुविधांच्या मागण्या घेऊन धरणग्रस्त पिढ्यान्‌पिढ्या आंदोलने करीत आले आहेत; २०१८ मध्येही कोयनानगरला त्यांनी ठिय्या दिला. अभियंत्याच्या अर्थाने काम समाप्त, प्रशासनाच्या अर्थाने पुष्कळ प्रकरणे निकाली, आणि विस्थापिताच्या अर्थाने सांगता नाही. एकाच घटनेची ही तीन वाक्ये मराठीत तीन वेगळ्या शब्दांनी लिहिता येतात. इंग्रजीत एकच शब्द योजला की पहिल्या वाक्याचे तेज तिसऱ्यावर पडते आणि ते दिसेनासे होते.

येथे खुलेपणाची बाजू घेणारा समीक्षक अडचणीत येतो. धरणग्रस्ताला शेवट नको आहे असे नाही. त्याला शेवटच हवा आहे; फक्त तो त्याच्या वगळलेल्या हक्काला आत घेऊन व्हायला हवा. दाभोलकर खून खटल्याविषयीही असेच म्हणता येईल. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली आणि तिघांना निर्दोष सोडले. निकाल लागणे आवश्यक होते आणि तो लागला याचे महत्त्व कमी लेखता येत नाही. परंतु कटाविषयीचे प्रश्न त्याने मिटले नाहीत. ज्यांनी ही ११ वर्षे दर महिन्याच्या २० तारखेचे स्मरण ठेवले, त्यांना 'आता प्रकरण संपले' असे बाहेरून सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही. तसेच 'तुम्ही कधीच शांत होऊ नका' असे सांगण्याचाही नाही. शोक करणाऱ्याची विश्रांती ही त्याची स्वतःची आहे. न्यायाचे देणे मात्र त्याच्या विश्रांतीने फिटत नाही, कारण ते साऱ्या समाजाचे देणे आहे. लोकप्रिय मानसशास्त्राची 'क्लोजर' ही संज्ञा नेमकी हीच गल्लत करते. ती देण्याचे रूपांतर मनःस्थितीत करते, आणि मग मनःस्थिती सुधारली की देणेही फिटले असे मानते.

७

तेव्हा शेवटाचे मूल्यमापन करताना तो बंद आहे की खुला, एवढा प्रश्न अपुरा आहे. तीन प्रश्न त्याला जोडावे लागतील. शेवट कोणी केला, आणि ज्याच्यावर त्याचा भार पडतो त्याला बोलता आले काय? तो वगळून झाला की सामावून घेऊन? आणि शेवटानंतर काही बंधन उरले की सर्व जबाबदाऱ्या त्यातच बुडाल्या? डलहौसींचा निर्णय या तिन्ही प्रश्नांवर नापास होतो. 'शारदा' पहिल्या दोहोंत बरेच कमावते आणि तिसऱ्यात गमावते. 'बनगरवाडी'त सामावून घेण्याची शक्ती नाही, पण आपल्याला बोलण्याचा किती अधिकार आहे याचे भान अचूक आहे. कोयनेची कथा या प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय पूर्ण झाली असे लिहिता येणार नाही.

परिभाषेपुरते बोलायचे तर 'क्लोजर'साठी एकच मराठी प्रतिशब्द ठरवण्याचा आग्रह सोडावा, असे सुचवावेसे वाटते. जेथे चर्चा तोडली गेली तेथे 'बंदी' म्हणावे, जेथे अधिकाऱ्याने वाद मिटवला तेथे 'निकाल', जेथे रूपाची अपेक्षा पुरी झाली तेथे 'समाप्ती' किंवा 'समापन', आणि जेथे उणिवेची कबुली देऊन वगळलेल्याला आत घेतले गेले तेथेच 'सांगता'. असे केले तर भाषांतरकाराला प्रत्येक ठिकाणी थांबून विचार करावा लागेल की येथे नेमके काय घडले आणि ते कोणी घडवले. ही गैरसोय स्वागतार्ह आहे. शब्दाच्या सोयीमुळे जो प्रश्न झाकला गेला होता, तो या गैरसोयीमुळे उघडा होतो.

साहित्याच्या वर्गात कथेच्या शेवटाची चर्चा बहुधा तंत्राच्या प्रकरणात होते. ती तेथून काढून थोडी नीतिविचाराच्या बाजूला न्यावी लागेल. कृती कशी संपते हे पाहताना, तिच्यातील कोणाचे काय राहून गेले आणि ते राहिले आहे हे कृतीला ठाऊक आहे काय, हे विद्यार्थ्याला विचारता आले पाहिजे. दर्भाचा कावळा करावा लागणे ही कित्येकदा माणसाची आणि लेखकाचीही अपरिहार्यता असते. तो खरा कावळा नाही एवढे मात्र जमलेल्यांनी लक्षात ठेवायचे असते.